न धुतलेले भांडे

ते भांडे पेटीतून बाहेर निघाले तेव्हा डॉ. मंजिरी वैरागडेच्या मनात आलेला पहिला विचार काही शास्त्रज्ञाला शोभणारा नव्हता. चिंच-मीठ लावून थोडा वेळ ठेवले तर कसे लख्ख निघेल, असे तिला वाटले. वाईला माहेरी तांब्या-पितळेची भांडी घासण्यात तिच्या बालपणीच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या होत्या. हिरवा कळंक चढलेले भांडे दिसले की साठी जवळ आली तरी तिचे हात शिवशिवत.

"हात नका लावू हं, मंजिरीताई," लिन म्हणाली. "तुमचे डोळेच सांगून राहिले. याला कोणी धुतलं नाही म्हणून तं मी एवढ्या लांबून घेऊन आली."

लिन चीनमधल्या एका संग्रहालयात जुन्या कांस्यपात्रांची देखभाल करत असे. तरुणपणी ती नागपूरच्या याच सूक्ष्मजीव-पुरातत्त्व प्रयोगशाळेत मंजिरीच्या हाताखाली शास्त्र शिकली होती, आणि धंतोलीतल्या घरमालकीणबाईंच्या हाताखाली मराठी. त्यामुळे तिचे मराठी अस्सल नागपुरी होते आणि ते ऐकून पुण्याकडच्या पाहुण्यांची भंबेरी उडत असे.

भांडे मोठे देखणे होते. पोट सुटलेल्या सुखी गृहस्थासारखे गोल, वर घट्ट बसणारे झाकण, उचलायला कडी, आणि अंगभर डोळे वटारलेले मुखवटे. चीनमध्ये अशा भांड्याला 'यू' म्हणतात. तीन हजार वर्षांपूर्वी त्यात पितरांना अर्पण करायची सुवासिक दारू भरून ठेवत. झाकणाच्या आतल्या अंगाला जुन्या लिपीत कोरले होते, की हे पात्र आजोबांसाठी केले आहे आणि मुलानातवंडांनी ते कायम वापरावे.

"आणि त्यांनी ते वापरलंही," लिन म्हणाली. "चार-पाच पिढ्या तरी. दर वेळी थोडी दारू झाकणाखालच्या खाचेत सुकत गेली. आमच्याकडे चमकणाऱ्या भांड्यांपुढे फोटोसाठी रांगा लागतात, याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पण त्या खाचेत थरावर थर आहेत, ताई. अगदी जसेच्या तसे."

प्रयोगशाळेतल्या सूचीयंत्राची सुई केसाहून बारीक होती. काही दिवस ती त्या खाचेत इतक्या सावकाश फिरत राहिली की पाहणाऱ्याला झोप यावी. एकेक थर सुटा झाला आणि त्यातल्या मेलेल्या जंतूंचा डीएनए वाचून पडद्यावर रंगीत ठिपक्यांची चित्रे उमटू लागली.

या चित्रांना मंजिरी वस्तीचित्रे म्हणत असे. माणसाच्या तोंडात शेकडो जातींचे सूक्ष्मजीव राहतात. कोणत्या जाती, किती आणि कोण कोणाच्या शेजारी, याची मांडणी प्रत्येक माणसाची वेगळी असते. या मांडणीला मंजिरीने मुखवस्ती हे नाव दिले होते. कुठलाही घास जिभेला कळण्याआधी या वस्तीच्या हाताखालून जातो, हे तिने अर्धे आयुष्य घालवून सिद्ध केले होते. एकाला कारले विषासारखे कडू लागते आणि दुसरा त्यावर ताव मारतो, याचे बरेचसे श्रेय किंवा खापर या वस्तीच्या माथी जाते.

"हे बघ," तिने लिनला जवळ बोलावले. "सगळ्यात खालच्या थरातलं तोंड आणि सगळ्यात वरच्या थरातलं तोंड. जवळजवळ एकच."

"म्हणजे शंभरेक वर्षं एकच माणूस पीत होता?"

"ते तू सांगायचंस. चीन तुझा."

लिनने खालच्या आणि वरच्या थराचे ठिपके एकेक करून ताडून पाहिले. मग हळूच म्हणाली, "ताई, दारू पितर पीत नव्हते ना. पितरांच्या जागी एक जिवंत माणूस बसवत. त्याला मेलेल्या आजोबाचे कपडे घालत, आजोबाच्या आसनावर बसवत, आणि तो प्यायला की आजोबा प्याले. त्याचं उरलेलं मग सगळ्या घरानं वाटून घ्यायचं, आणि वाटून उरलं ते परत भांड्यात. त्या माणसाला आमच्या जुन्या भाषेत 'शी' म्हणतात."

मंजिरीला हसू आवरेना. तिच्या माहेरी दुसऱ्याच्या उष्ट्याला नेमका हाच शब्द होता.

"हसून काय राहिल्या? पुढचं ऐका. तिथे बसायला मुलगा चालत नसे. नातूच लागे. काहून, ते आजवर कोणाला नीट सांगता आलं नाही."

"मला सांगता येईल," मंजिरी म्हणाली, आणि तिचे हसू मावळले, कारण उत्तर तिला आता स्वच्छ दिसत होते. "मुखवस्ती चटकन बसते ती लहानपणी, मोठेपणी त्याला वर्षं लागतात. मुलगा लहान असतो तेव्हा बाप शेतावर किंवा लढाईवर. नातू लहान असतो तेव्हा आजोबा घरात. आजोबा आपल्या वाटीतलं नातवाला पाजतो, रोज, ठरल्या वेळी. आजोबाची वस्ती नातवात जाते. तो नातू मोठा होऊन आजोबा झाला की ती त्याच्या नातवात. म्हणजे त्या आसनावर बसलेल्या पोराला दारूची जी चव लागायची, ती आजोबालाच लागायची. आजोबा खरंच येत होते, लिन. निदान जिभेपुरते."

लिनने नकळत त्या हिरव्या भांड्यापुढे मान लववली. मंजिरी मात्र खुर्चीत बसून राहिली. तिच्या डोळ्यांपुढे श्रीरंग आला होता.

श्रीरंग वैरागडे म्हणजे तिचा नवरा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आणि खाण्यासाठी जन्म आपुला असे मानणारा माणूस. चांगल्या पाटोडी-रश्श्यासाठी तो उमरेडपर्यंत स्कूटर हाणत असे. मागच्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. किरणांनी गाठ गेली, पण किरणांनी आणि जालीम औषधांनी तोंडातली वस्तीही मुळासकट जाळून टाकली. तेव्हापासून त्याला आंबा आणि भिजलेला पुठ्ठा यांत फरक कळेना. आधी तो हसत जेवायचा, मग मुकाट्याने जेवायचा, आणि आता ताटावरून दोन घासांतच उठायचा. निरोगी अनोळखी माणसांची मुखवस्ती त्याच्या तोंडात दोनदा पेरून पाहिली होती. दोन्ही वेळा त्याच्या शरीराने ती हुसकून लावली. त्याचे सदरे आता दुसऱ्या कोणाचे घातल्यासारखे लोंबत. पोटात नळी घालावी लागेल, असे डॉक्टर म्हणाले तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, "नळी नको. तोंडानं जमलं तेवढं जगू." हे वाक्य मंजिरीच्या काळजात रुतून बसले होते.

त्याला त्याचीच वस्ती परत हवी होती. उपचारांपूर्वी रुग्णालयाने त्याच्या तोंडाचा नमुना काचेवर घेतला होता, पण तो सुकलेला. त्या भांड्यातल्या थरांसारखाच तो वाचता येत होता, पेरता येत नव्हता.

"पण आता कळलं ना कुठे शोधायचं," मंजिरी लिनला म्हणाली. "श्रीरंगचं उष्टं ज्यानं रोज खाल्लं असेल, त्याच्या तोंडात श्रीरंग जिवंत असेल."

"मग केतकी!"

केतकी ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती बंगळुरूला होती. तिने त्याच दिवशी नमुना पाठवला, आणि वस्तीचित्र आले तेव्हा केतकीच्या तोंडात फक्त केतकी होती. मंजिरीला आश्चर्य वाटले नाही, वाईट वाटले. केतकी तान्ही असताना घरात तिचा चमचा वेगळा, वाटी वेगळी, पेला वेगळा. श्रीरंग आपल्या ताटातला भाताचा मऊ घास घेऊन पुढे सरसावला की मंजिरी डोळे मोठे करायची आणि तो घास मुकाट त्याच्याच तोंडात जायचा. शास्त्राच्या दृष्टीने ती तेव्हा बरोबर होती. त्या बरोबर असण्याचाच तिला आता राग आला.

दुसरे नाव दिवाकर पोफळी. श्रीरंगचा खात्यातला जिवलग मित्र. दोघांनी नोकरीभर एका डब्यात खाल्ले होते. पोफळी धापा टाकत प्रयोगशाळेत आले, खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी आ केला. पण पोफळींना पंचवीस वर्षांची खर्ऱ्याची सवय. सुपारी-तंबाखूने त्यांच्या तोंडातली सगळी जुनी वस्ती उठवून लावली होती. वस्तीचित्र म्हणजे नुसते ओसाड रान होते.

"वहिनी, आजपासून खर्रा बंद," पोफळी डोळे पुसत म्हणाले. "पण आता बंद करून श्रीरंगले काय फायदा?"

मंजिरीने त्यांना पाणी दिले. धीर द्यायला तिच्याजवळच काही उरले नव्हते.

आता रांगेत कोणीच नव्हते. एक शेवटचा मार्ग म्हणून तिने ठरवले, की काचेवरच्या सुकलेल्या नमुन्यावरून श्रीरंगची वस्ती एकेक जात जमवून कृत्रिम रीतीने उभी करायची. त्यासाठी आधी त्या नमुन्यातून घरातल्या हवा-पाण्याचे, फोडणीचे, माठाचे जंतू वजा करणे भाग होते. म्हणजे त्याच घरात राहणारा, तेच पाणी पिणारा, पण त्याच्या उष्ट्याला कधीही न शिवलेला माणूस तुलनेसाठी हवा.

"माझा नमुना घे," मंजिरी म्हणाली. "माझ्यासारखं कोरं माणूस तुला मिळायचं नाही. लग्नात घास भरवतात ना, तो मी पदराआड हळूच काढून टाकला होता. श्रीरंगच्या पेल्याला मी आजवर ओठ लावलेला नाही."

लिन घुटमळली. "ताई, एक विचारू? पण नवरा-बायको म्हटल्यावर... म्हणजे..."

मंजिरीचे कान लाल झाले. "ते पाहुण्यांसारखं असतं. येतात नि जातात. वस्ती व्हायला रोजचा रस्ता लागतो, ठरल्या वेळी, वर्षानुवर्षं. माझाच शोधनिबंध आहे त्यावर."

"म्हणजे तुम्ही मोजून पाहिलं?"

"लिन! बोळा घे आणि काम कर."

लिनने निमूटपणे बोळा तिच्या गालाच्या आतून फिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीचित्र पडद्यावर आले तेव्हा दोघी शेजारी उभ्या होत्या. लिनने ते पाहिले, काचेवरच्या नमुन्याचे चित्र बाजूला लावले, पुन्हा पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"नमुने मिसळले, ताई. माझीच चूक. यात तं भाऊजी आहेत."

"श्रीरंगचा जिवंत नमुना आलाच कुठून मिसळायला?"

लिनने नवा बोळा काढला. या वेळी मंजिरीने तो स्वतः फिरवला, स्वतः बाटलीत घातला, स्वतः यंत्रात ठेवला आणि चित्र येईपर्यंत यंत्रापुढून हलली नाही. चित्र तेच आले. तिच्या तोंडातली निम्मी वस्ती तिची होती. उरलेली निम्मी श्रीरंगची होती, आणि ती ठणठणीत जिवंत होती.

"हे शक्य नाही," मंजिरी म्हणाली. एवढेच ती परत परत म्हणत राहिली. ज्या नियमावर तिचे सगळे शास्त्र उभे होते, तो खोटा तरी होता किंवा त्या नियमाप्रमाणे तिने त्या माणसाचे उष्टे वर्षानुवर्षे, रोज, ठरल्या वेळी खाल्लेले होते. तिसरा पर्याय नव्हता.

ती तशीच घरी आली. श्रीरंग कूलरसमोर वेताच्या खुर्चीत बसला होता, आणि समोरच्या वाटीतल्या खिमटावर साय धरली होती. मंजिरीने पर्सही खाली ठेवली नाही.

"श्रीरंग, खरं सांग. तू मला कधी उष्टं दिलंयस?"

"मी?" श्रीरंग दचकला. मग त्याने कूलरकडे पाहिले, पंख्याकडे पाहिले आणि शेवटी स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिले. चोरी पकडली गेलेला माणूस असाच बघतो.

"मी रागावणार नाही."

"हे तू दर वेळी म्हणतेस."

"श्रीरंग!"

"चहा," तो पुटपुटला.

"कसला चहा?"

"सकाळचा. मी करतो ना तुझ्यासाठी, तो. आता पाहा, मला लागते दोन चमचे साखर, तुला अर्धा. हात माझा, त्याला सवय दोन चमच्यांची. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा तुझ्या कपात दोन पडले, आठवते? तू दिवसभर बोलली नाहीस माझ्याशी. म्हटलं, ही बाई आपलं घर सोडून एवढ्या दूर नागपूरच्या उन्हात आली. तिचा सकाळचा पहिला घोट तरी तिच्या मनासारखा असावा. म्हणून आधी एक घोट चाखून पाहायचो आणि मग तुला द्यायचो."

"रोज?"

"रोज. गाठ निघाली त्या दिवसापर्यंत. कधी सुट्टी नाही घेतली बाप्पा."

"माझ्याच कपातून?"

"नाहीतर साखर कशी कळणार?"

मंजिरीने पर्स खाली ठेवली आणि ती समोरच्या खुर्चीत बसली. उभा जन्म तिने भांडी वेगळी ठेवली, चमचे उकळले, पाहुण्यांचे पेले दोनदा विसळले. आणि दिवसाची सुरुवात मात्र रोज या माणसाच्या उष्ट्याने केली. तिला संताप यायला हवा होता. त्याऐवजी तिला असे भडभडून आले, की श्रीरंग घाबरून उठला आणि काठीशिवाय तिच्यापर्यंत आला.

"अगं, चूक झाली, मंजू. पण एवढं काय त्यात रडण्यासारखं?"

"तू आहेस," ती त्याचा हात धरून म्हणाली. "तू शिल्लक आहेस. माझ्यात."

त्याला यातले एक अक्षर कळले नाही, पण तिचा हात त्याने सोडला नाही.

परत जाण्यापूर्वी लिनने भांडे पेटीत बांधले आणि मंजिरीला एक गोष्ट बजावली. "ताई, मी ते थर पुन्हा पाहिले. आपण जवळजवळ एकच म्हटलं ना, ते जवळजवळ लक्षात ठेवा. दर पिढीत थोडा नातूही मिसळला आहे. ज्याच्याजवळ ठेव ठेवली, तो त्यात आपलं काहीतरी टाकतोच. भाऊजी जसे होते तसेच्या तसे येणार नाहीत."

"येऊ दे तरी," मंजिरी म्हणाली.

तिच्या तोंडातली वस्ती प्रयोगशाळेत वाढवून एकदम पेरायचा मोह तिला झाला होता, पण पेरणी दोनदा फसली होती. रोजचा रस्ताच खरा, हे तिचेच म्हणणे होते, आणि जळून मोकळ्या झालेल्या तोंडात त्याला वर्षे लागू नयेत अशी तिला आशा होती. तेव्हा उपचार ठरला तो असा, की सकाळी चहाचा एकच कप करायचा, श्रीरंगच्या पद्धतीचा, दोन चमचे साखरेचा. आधी अर्धा तिने प्यायचा, मग उरलेला त्याने.

पहिल्या दिवशी कप पुढे करताना तिचा हात मध्येच थांबला. आपले उष्टे दुसऱ्याला द्यायचे म्हणजे तिच्या आईच्या लेखी पापच. श्रीरंगने कप तिच्या हातातून अलगद काढून घेतला.

"काही लागतं का?" तिने विचारले.

"गरम लागतं," तो म्हणाला. चव नव्हती.

दुसऱ्या दिवशी नव्हती, पुढच्या आठवड्यात नव्हती. मंजिरीला तो पाकासारखा चहा घशाखाली उतरवणे जड जात असे, पण ती तोंड वाकडे न करता अर्धा कप संपवी आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत बसे. दुपारी श्रीरंग दोन घास खाई, ताट सरकवी आणि तिची समजूत काढायला उगीच तिसरा घास खाई. वजनकाट्यावर चढायचे त्याने बंदच केले होते. नळीचा विषय डॉक्टरांनी पुन्हा काढला, आणि या वेळी श्रीरंग नको म्हणाला तेव्हा त्याचा आवाज इतका बारीक होता की तिला त्याला पुन्हा विचारावे लागले.

मग एका सकाळी श्रीरंगने कप तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि त्याचे सगळे तोंड आक्रसले.

"हे काय? चहा केलास की साखरपाणी? किती गोड हे!"

मंजिरी जागची हलली नाही. तो चिडला होता. जवळजवळ वर्षभरात पहिल्यांदा तो खाण्यापिण्यावरून चिडला होता. आणि दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली तेव्हा तिने ओठ घट्ट मिटून घेतले. जन्मभर दोन चमचे साखर घेणारा हा माणूस हा चहा गोड म्हणत होता. तो परत आला होता, पण येताना तिला सोबत घेऊन आला होता.

"हसतेस काय?" श्रीरंग म्हणाला. "अर्धा चमचा पुरे माणसाला. दोन-दोन चमचे कोण पितं? जा, दुसरा कर. आणि खायला काय आहे गं?"

ती स्वयंपाकघरात गेली. डोळ्यांना पदर लावावा लागला म्हणून आधण थोडे जास्तच उकळले. तिने नवा चहा गाळला, त्यात अर्धा चमचा साखर घालून ढवळली, आणि कप बाहेर नेण्याआधी एक घोट चाखून पाहिला.